पाचव्या मितीच्या नावे

१९१९ च्या एप्रिलमध्ये थिओडोर कालुझा यांचा एक प्रबंध बर्लिनला आइन्स्टाइन यांच्या हाती पडला. कोनिग्सबर्ग विद्यापीठातल्या या गणितज्ञाला तेव्हा कायमची प्राध्यापकीही मिळालेली नव्हती. त्यांची कल्पना सांगायला सोपी आणि पचायला जड होती. सामान्य सापेक्षतेची समीकरणे चारऐवजी पाच मितींत मांडायची, पाचव्या दिशेने काहीच बदलत नाही असे धरायचे आणि मग ती पुन्हा चार मितींच्या भाषेत उलगडायची. उलगडल्यावर आइन्स्टाइन यांचे गुरुत्व निघाले आणि सोबत मॅक्सवेल यांचे विद्युतचुंबकत्वही निघाले. चार मितींत राहणाऱ्याला जे वेगळे बल वाटते, ते पाच मितींत निव्वळ भूमिती ठरले. आइन्स्टाइन भारावले, मग साशंक झाले, आणि दोन वर्षे थांबून डिसेंबर १९२१ मध्ये त्यांनी तो प्रबंध प्रशियन अकादमीपुढे ठेवला. १९२६ मध्ये ऑस्कर क्लाइन यांनी पाचवी मिती दिसत का नाही याचे उत्तर दिले: ती सुमारे १०⁻³⁰ सेंटिमीटर लांबीच्या वर्तुळात गुंडाळलेली असावी. या सुंदर हिशेबात एक रक्कम मात्र शिल्लक राहत होती. समीकरणांतून एक तिसरे, अदिश क्षेत्रही निघत होते आणि निसर्गात त्याचा मागमूस नव्हता. हे क्षेत्र म्हणजे पाचव्या मितीचा आकार. विद्युतचुंबकत्व भूमितीच्या खात्यात घेतले की त्या भूमितीचा आकार स्थिर कशाने राहतो, हा नवा प्रश्न नावे पडतो.

वर्महोलच्या, म्हणजे अवकाशाचे दोन दूरचे भाग जोडणाऱ्या बोगद्याच्या, नव्वद वर्षांच्या इतिहासात हाच व्यवहार पुन्हा पुन्हा घडलेला दिसतो. बोगदा उघडा ठेवण्याची एक किंमत आहे. ती माफ करून घेण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ जादा मितींकडे गेले, आदिविश्वाकडे गेले, काल्पनिक काळाकडे गेले. प्रत्येक वेळी किंमत एका खात्यातून निघून दुसऱ्या खात्यात गेली, माफ कुठेच झाली नाही. मला हा इतिहास अपयशाचा वाटत नाही, कारण रक्कम कोणत्या खात्यात गेली याचा माग काढतानाच गुरुत्वाबद्दलच्या कितीतरी खोल गोष्टी हाती लागल्या.

ही किंमत पहिल्याच प्रबंधात दिसते, फक्त तेव्हा तिला नाव नव्हते. १९३५ मध्ये प्रिन्स्टनला आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांना मूलकण हवा होता. कण म्हणजे जिथे समीकरणे कोलमडतात असा बिंदू, ही कल्पना त्यांना नको होती. म्हणून त्यांनी अवकाशाची दोन पाने एका पुलाने जोडली आणि तो पूल म्हणजेच कण, असे मांडले. प्रवासाचा विचारही त्या प्रबंधात नाही. पण विद्युतभारित कणाचा पूल बांधताना त्यांना विद्युत क्षेत्राच्या ऊर्जेचे चिन्ह उलटे करावे लागले. सरळ चिन्ह ठेवले की हवा तो पूल जमत नव्हता. एका उणे चिन्हाएवढी ही नोंद आज वाचताना थबकायला होते, कारण पुढे पन्नास वर्षांनी ज्याला ऋण ऊर्जेची अट म्हटले गेले ती हीच. १९४३ मध्ये आइन्स्टाइन यांनी वोल्फगांग पाउली यांच्यासह सिद्ध केले की कुठेही न कोलमडणारे, काळानुसार न बदलणारे आणि वस्तुमान असलेले कणासारखे उत्तर शुद्ध गुरुत्वात मिळत नाही. तो निष्कर्ष त्यांनी कालुझा यांच्या पाच मितींनाही लावला होता. म्हणजे पाचव्या मितीकडे दाद मागून झाली होती, आणि निकाल विरुद्ध गेला होता.

वर्महोल हा शब्द १९५७ चा, चार्ल्स मिस्नर आणि जॉन व्हीलर यांचा. सफरचंदाच्या पृष्ठभागावरून वळसा घालण्याऐवजी किडा ते पोखरून पलीकडे निघतो, तसे हे बीळ. मराठीत कृमीविवर म्हणतात ते त्यामुळेच. व्हीलर यांनाही भुरळ पडली होती ती भाराशिवाय भार या कल्पनेची: बलरेषा एका मुखातून आत शिरतात, दुसऱ्यातून बाहेर पडतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला तिथे एक धन आणि एक ऋण भार असल्याचे वाटते. १९६२ मध्ये रॉबर्ट फुलर आणि व्हीलर यांनी दाखवले की कृष्णविवराचे वर्णन करणाऱ्या श्वार्झशिल्ड यांच्या उत्तरातला बोगदा क्षणभर उघडतो आणि प्रकाशकिरणालाही पार होऊ न देता मिटतो. तो मिटतो का, याचे कारण कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्येच एका समीकरणात मांडून ठेवले होते. ज्याची ऊर्जा धन आहे असे कोणतेही द्रव्य जवळून जाणाऱ्या किरणांना एकमेकांकडे वळवते, कधीच फाकवत नाही. बोगद्यात मात्र उलट घडायला हवे. मुखातून शिरलेले किरण गळ्याशी जवळ येतात आणि पलीकडे निघताना पुन्हा फाकतात. दोन सुरया तोंडाला तोंड लावून ठेवल्या तर आतला आकार जसा अरुंद होऊन पुन्हा रुंदावतो, तसा. किरणांना फाकवायचे तर त्यांना दूर सारणारे काहीतरी गळ्यात हवे, आणि रायचौधुरी यांचे समीकरण सांगते की ते ऋण ऊर्जेखेरीज जमत नाही.

१९८५ च्या सुमारास कार्ल सेगन यांनी आपल्या कादंबरीसाठी किप थॉर्न यांचा सल्ला मागितला आणि त्यातून मायकेल मॉरिस व थॉर्न यांचा १९८८ चा प्रबंध आला, ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. त्या प्रबंधाचे महत्त्व त्यांनी विचारलेल्या प्रश्नाच्या दिशेत आहे. आधी द्रव्य ठरवून मग भूमिती काढायची, ही नेहमीची रीत. त्यांनी आधी हवा तसा बोगदा आखला आणि मग त्यासाठी कसले द्रव्य लागेल हे समीकरणांना विचारले. उत्तर आले: गळ्याशी असा ताण हवा, की जो द्रव्याच्या ऊर्जाघनतेपेक्षाही जास्त आहे. गळ्याची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर धरली तर तो ताण सर्वांत जड न्यूट्रॉन ताऱ्याच्या केंद्रातल्या दाबाइतका भरतो. अशा द्रव्याला त्यांनी विलक्षण म्हटले. किंमत प्रथमच आकड्यांत लिहिली गेली.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो अंशतः आपल्याकडूनच आला. २००३ मध्ये मॅट व्हिसर, सायन कर आणि पुण्याच्या आयुकातले नरेश दधीच यांनी दाखवले की बोगद्याचा आकार नेमकेपणाने निवडला तर लागणाऱ्या विलक्षण द्रव्याची एकूण मात्रा हवी तितकी कमी करता येते. मग किंमत ती कसली? पण हवी तितकी कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय लॉरेन्स फोर्ड आणि थॉमस रोमन यांनी १९९६ मध्येच पुंज सिद्धांताच्या आधारे बजावले होते की ऋण ऊर्जा जितकी तीव्र, तितका तिचा काळ अल्प. त्यामुळे मोठा बोगदा हवा असेल तर ती ऊर्जा गळ्याच्या मानाने कल्पनेपलीकडे पातळ थरात कोंबावी लागते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. धन ऊर्जेची अट हा काही निसर्गनियम नव्हे. दोन धातूच्या पत्र्यांमधल्या पोकळीत कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये भाकीत केलेली ऋण ऊर्जा ती मोडतेच. हे खरे आहे. मात्र अट मोडली म्हणून हिशेब संपला असे झाले नाही. किरणाच्या संपूर्ण वाटेवरची सरासरी घेतली तर ती ऋण होत नाही, ही सौम्य केलेली अट टिकली, आणि सपाट अवकाशातल्या पुंज क्षेत्रांसाठी ती २०१६–१७ मध्ये सिद्धही झाली. एका जागी उधारी घेता येते, पण त्याच वाटेवर ती फेडावी लागते.

जादा मितींचे आकर्षण नेमके इथे सुरू होते. चार मितींत जी ऊर्जा ऋण दिसते ती पाच मितींतल्या निर्दोष, रिकाम्या भूमितीची सावली असली तर? कालुझा यांच्या सिद्धांतात हे खरोखर घडते. तिथे कोणतेही विलक्षण द्रव्य न घालता एकूण ऊर्जा ऋण असलेल्या अवस्था अस्तित्वात असतात, हे डीटर ब्रिल आणि हर्बर्ट फिस्टर यांनी १९८९ मध्ये दाखवले. आइन्स्टाइन यांच्या चार मितींतल्या सिद्धांतात एकूण ऊर्जा ऋण होऊ शकत नाही, हे दशकभरापूर्वीच सिद्ध झाले होते, त्यामुळे हा फरक मूलभूत होता. बोगदा बांधू पाहणाऱ्याला ही पर्वणी वाटावी. पण त्याच सैलपणाचा दुसरा परिणाम एडवर्ड विटेन यांनी १९८२ मध्येच काढून ठेवला होता. कालुझा-क्लाइन यांच्या विश्वात पाचव्या मितीचे वर्तुळ एखाद्या जागी आक्रसत शून्य होऊ शकते, तिथे अवकाशच संपतो, आणि त्या शून्याचा बुडबुडा जवळपास प्रकाशाच्या वेगाने पसरत सगळे गिळत जातो. बुडबुड्याच्या आत पोकळी नसते, जागाच नसते. आणि या सगळ्याची एकूण ऊर्जा शून्य, म्हणून तिला अटकाव करणारे काही नाही. हा बुडबुडा टाळता येतो. विशिष्ट प्रकारची फर्मिऑन क्षेत्रे असतील तर तो घडत नाही. पण मग ज्या सैलपणावर बोगद्याची भिस्त होती त्यालाही आवर बसतो. या संपूर्ण इतिहासात मला हा टप्पा सर्वांत बोलका वाटतो. ऋण ऊर्जा फुकट देणारी पाचवी मिती तिच्या बदल्यात निर्वात अवकाशाचे स्थैर्यच गहाण मागते.

समीकरणेच बदलण्याचा मार्गही चोखाळून झाला. डेव्हिड लव्हलॉक यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले की काही स्वाभाविक अटी पाळल्या तर चार मितींत आइन्स्टाइन यांच्या समीकरणांना पर्याय उरत नाही. पाच किंवा अधिक मितींत मात्र गाउस-बोने या नावाने ओळखले जाणारे वक्रतेचे एक जादा पद येऊ शकते. बिप्लब भवाल आणि सायन कर यांनी १९९२ मध्ये या सिद्धांतातले वर्महोल शोधले आणि मितींची संख्या व त्या पदाचा गुणक बदलला की काय बदलते ते तपासले. आशा अशी, की भार द्रव्यावरून उचलून वक्रतेवर टाकता येईल. २००८ मध्ये हिदेकी माएदा आणि मासातो नोझावा यांनी या आशेची कसून छाननी केली. ऊर्जेच्या अटी पाळणारे बोगदे खरेच मिळाले, पण बहुतेक समीकरणांच्या अशा शाखेत, जिथे जादा पद हळूहळू काढून टाकले तरी आइन्स्टाइन यांचा सिद्धांत परत मिळत नाही. रिकाम्या अवकाशातला बोगदा हवा असेल तर स्थिरांक एकमेकांशी काटेकोर जुळवावे लागतात आणि गळ्याची त्रिज्याही आपोआप ठरून जाते. १९९९ मध्ये लिसा रँडल आणि रामन सुन्द्रम यांनी आपले विश्व पाच मितींतला एक पातळ पडदा मानला, तेव्हाही असेच झाले. शिरोमिझु आणि सहकाऱ्यांनी पडद्यावरची समीकरणे लिहून काढली, तर बाहेरच्या वक्रतेचे एक पद त्यांत उतरले. ते ऋण ऊर्जेसारखे वागू शकते, आणि ब्रॉनिकोव्ह व किम यांनी त्यावर द्रव्याविना बोगद्यांची मालिका उभी केली. फक्त पडद्यावर राहून ते पद ठरवता येत नाही. त्यासाठी पडद्याबाहेरचा सारा अवकाश सोडवावा लागतो आणि तो सोडवणे क्वचितच जमले आहे.

आता आदिविश्व. रोमन यांनी १९९३ मध्ये विचारले, की प्लांक लांबीच्या, म्हणजे सुमारे १०⁻³⁵ मीटरच्या, सूक्ष्म बोगद्यांना विश्वाच्या सुरुवातीच्या स्फीतीने ताणून मोठे केले असेल का? ताणता येते, असे गणित म्हणाले. ऋण ऊर्जा मात्र सुटली नाही. पुढच्याच वर्षी कर यांनी एक वेगळी वाट दाखवली. बोगदा स्थिर असायला हवा हा आग्रह सोडला, तो विश्वाबरोबर प्रसरण पावू दिला, तर ठरावीक कालावधीपुरते त्याचे द्रव्य ऊर्जेची अट पाळू शकते. १९९६ मध्ये कर आणि देशदीप सहदेव यांनी त्यात काळाबरोबर आक्रसत जाणाऱ्या जादा मितीही घातल्या. आपल्या तीन मिती फुगतात आणि उरलेल्या मिटतात, असे हे चित्र. इथे मात्र किंमत खरोखर चुकवली गेल्यासारखे वाटते. उत्तर डेव्हिड हॉचबर्ग आणि व्हिसर यांनी १९९८ मध्ये दिले: गळा कशाला म्हणायचे? एका क्षणाचे अवकाशाचे छायाचित्र घेऊन त्यातली अरुंद जागा गळा मानली, तर अट पाळता येते. पण प्रकाशकिरण जिथे खरोखर जवळ येऊन फाकतात ती जागा गळा मानली, तर बोगदा बदलता असो वा स्थिर, अट मोडतेच. प्रसरण पावणाऱ्या विश्वात या दोन जागा एक नसतात. मला हॉचबर्ग आणि व्हिसर यांची व्याख्या अधिक योग्य वाटते, कारण बोगद्यातून जायचे ते किरणाला, छायाचित्राला नव्हे. तरीही कर यांच्या कामाने हा भेद पुढे आणला. त्याआधी त्याची निकड कुणालाही भासली नव्हती.

याच्या काही वर्षे आधी आणखी एक मोठा डाव मांडला गेला होता. १९८८ मध्ये स्टीव्हन गिडिंग्ज आणि अँड्र्यू स्ट्रॉमिंजर यांनी स्ट्रिंग सिद्धांतात आढळणाऱ्या अ‍ॅक्सिऑन क्षेत्रापासून बोगदा मिळवला. स्टीफन हॉकिंगही त्याच दिशेने निघाले होते. या बोगद्यांत काळ काल्पनिक संख्येत मोजलेला असतो. अ‍ॅक्सिऑनच्या ऊर्जेचे चिन्ह त्या बदलातच उलटते आणि आइन्स्टाइन-रोझेन यांचे ते उणे चिन्ह आपसूक मिळते. त्यांतून प्रवास संभवत नाही. ती पुंजजगातली एक शक्यता असते: विश्वातून एक छोटे विश्व तुटून निघते, पुन्हा येऊन मिळते. सिडनी कोलमन यांनी अशा सगळ्या बोगद्यांची बेरीज केली आणि चकित करणारा निष्कर्ष काढला, की विश्वस्थिरांक, म्हणजे रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचे माप, जवळजवळ निश्चितपणे शून्य असेल. पुंज सिद्धांताचा ढोबळ अंदाज आणि निरीक्षण यांत जवळपास १२० शून्यांची तफावत असलेला प्रश्न एका फटक्यात सुटला असे वाटले. वर्षभरातच विली फिशलर आणि लिओनार्ड सस्किंड यांनी दाखवले की याच बेरजेत सर्व आकारांचे महाकाय बोगदे दाटीवाटीने भरून जातात. जोसेफ पोल्चिन्स्की यांना तर बेरजेत एक निसटलेला गुणक सापडला. तो मितींच्या संख्येवर अवलंबून असतो आणि चार मितींत ऋण निघतो. शून्याकडे नेणारे ते प्रचंड शिखर त्याने पार उलटते. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या निरीक्षणांनी विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे दाखवले. विश्वस्थिरांक छोटा आहे, पण शून्य नाही.

इथे एखादा भौतिकशास्त्रज्ञ म्हणेल, की ही खात्यांची भाषा शोभेची आहे; समीकरणातले पद डावीकडून उजवीकडे नेले म्हणजे निसर्गात काही हलले असे होत नाही. एकाच समीकरणापुरते हे बरोबर आहे. परंतु जादा मिती ही नुसती नोंद नसते, तिचे परिणाम इतरत्र उमटतात आणि तिथे ती पकडता येते. पहिल्या काही मिनिटांत हेलियम बनले, विश्वातल्या साध्या द्रव्याच्या सुमारे पाव वस्तुमानाइतके. त्या प्रमाणावरून कोल्ब, पेरी आणि वॉकर यांनी १९८६ मध्ये हिशेब केला, की तेव्हा जादा मितींचा आकार आजच्यापेक्षा एखाद्या टक्क्याहून फारसा वेगळा असू शकत नव्हता. म्हणजे मिती आक्रसण्याचे जे काही व्हायचे ते त्याआधी उरकायला हवे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये ५२ मायक्रोमीटर अंतरापर्यंत गुरुत्व मोजले आणि व्यस्त वर्गाचा नियम तिथेही टिकला. ऑगस्ट २०१७ मध्ये सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या लहरी आल्या, तेव्हा त्या वाटेत दुसऱ्या मितीत झिरपल्या असत्या तर अपेक्षेपेक्षा क्षीण भरल्या असत्या. तशा त्या भरल्या नाहीत. मोजणीतून अवकाश-काळाच्या मिती चारच निघाल्या. ज्या खात्याची अशी तपासणी करता येते ते कागदापुरते कसे म्हणायचे?

२०२० मध्ये हुआन माल्दासेना आणि अलेक्सी मिलेखिन यांनी रँडल-सुन्द्रम यांच्याच पाच मितींत एक बोगदा आखला, ज्यातून माणूस जिवंत पार होऊ शकेल. त्यात विलक्षण द्रव्य बाहेरून आणावे लागत नाही. पडद्यावरच्या असंख्य हलक्या क्षेत्रांची कॅसिमिर ऊर्जा ते काम करते, आणि मुखाशी शरीर ताणणारे बल सोसवण्याइतके राहते. मात्र बोगदा कमालीचा स्वच्छ आणि थंड ठेवावा लागतो, कारण आत पडणाऱ्या प्रत्येक कणाची ऊर्जा अफाट वाढते. संपूर्ण वाटेवरच्या सरासरीची अट सर्वांत जलद किरणांसाठी मात्र टिकून राहते, म्हणून बोगद्याची वाट बाहेरच्या वाटेपेक्षा जवळची असूच शकत नाही. आत शिरलेला प्रवासी त्याच्या स्वतःच्या घड्याळाने एका सेकंदाच्या आत आकाशगंगेच्या दुसऱ्या भागात बाहेर पडेल. त्याला निरोप देणाऱ्यांच्या जगात तोवर हजारो वर्षे उलटून गेलेली असतील.